पितळ घासण्याआधी नाव बघा

पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथून मी एक पितळी डबा आणला. खिशात लोहचुंबक ठेवलं होतं, ते चिकटलं नाही. चिकटलं असतं तर आत लोखंड, वर नुसता मुलामा.

डबा काळा पडलेला आणि मला घाई. मशीन असताना हाताने कोण घासणार? डब्यासोबत आजीचा पितळी तांब्याही बफिंगला दिला. अर्ध्या तासात दोन्ही आरशासारखे! घरी आई तांब्या हातात फिरवत राहिली. म्हणाली, "नाव कुठे गेलं रे?"

आजीच्या लग्नातल्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं, तारखेसकट. ती टिंबं फार खोल नसतात, आणि बफिंग म्हणजे धातूचा वरचा थर घासून काढणंच. इथे अनडू नाही.

आता मी चिंच आणि मीठच वापरतो. चिंचेतलं आम्ल काळा थर काढतं, नाव शाबूत राहतं. पण लगेच धुवून कोरडं पुसायचं, नाहीतर परत डाग. त्यात आमटी करणार असाल तर आतून कल्हई हवीच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. कल्हई म्हणजे कथलाचा थर. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळतं, म्हणून तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून ते कापसाने फिरवता येतं. (कल्हईवाला शोधणं हा वेगळाच एपिसोड आहे!)

तांब्यावर नाव परत घालून आणू का, असं आईला विचारलंय. ती अजून हो म्हणालेली नाही.