खडी सासूबाईंनी फोडली, रस्ता आता आपण सांभाळू

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका ग्रामसंघाच्या सचिव ताईंनी मांडलेलं मनोगत. त्या बोलल्या तसंच इथे देत आहोत.)



मला सांगितलं होतं, ‘तुमच्या गावात सायकलवाले येतात, त्यातून गटाला कसा रोजगार मिळाला ते बोला.’ ते सांगणारच आहे. पण सुरुवात सायकलीपासून नाही, रस्त्यापासून करते.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढं, डोंगराच्या कुशीला. गावाला दोन रस्ते. एक डांबरी. त्याच्यावरून एसटी येते, दुधाची गाडी येते आणि दिवसभर खडीचे डंपर धावतात. दुसरा जुना, मुरमाचा. तो वरच्या वस्तीवरून खिंडीत चढतो आणि पलीकडं उतरतो. खिंडीत उभं राहिलं की पुरंदर आणि वज्रगड जोडीनं दिसतात. या रस्त्यावर दिवसात दोन ट्रॅक्टर, पाच-सहा मोटारसायकली आणि मेंढरं, एवढीच वर्दळ. आम्ही त्याला ‘टाकलेला रस्ता’ म्हणायचो.

तीन वर्षांमागं दिवाळीनंतर एका रविवारी त्या रस्त्यानं पाच-सहा सायकलवाले आले. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं वाकलेलं, टायर नेहमीच्या सायकलीपेक्षा जाड. पुण्याहून बोपदेव घाट चढून आले होते. त्यातल्या एका पोरीनं माझ्या दारात पाणी मागितलं आणि म्हणाली, “काकू, असा रस्ता आणखी कुठं आहे का?” मला हसूच आलं. आम्ही वर्षानुवर्षं डांबर मागतोय आणि ही मुरमावर खूश!

मग तिनं नीट सांगितलं. मोठ्या रस्त्यावर सायकल चालवायची म्हणजे मागून ट्रक कधी येईल याची धास्ती. म्हणून लोक आता गाड्या नसलेले कच्चे रस्ते शोधतात. याला ‘ग्रॅव्हल’ सायकलिंग म्हणतात, ग्रॅव्हल म्हणजे आपली खडी. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया नावाचं छोटं शहर आहे. तिथं २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर २०० मैलांची, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, शर्यत होते. त्या शहराचं नाव खडीच्या रस्त्यांनी जगात नेलं.

हे सगळं मी रात्री सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी मोडत होत्या. म्हणाल्या, “अगं, त्या रस्त्याला माझ्या हाताची कातडी लागलीया.”

बायांनो, मी त्या घरात सत्तावीस वर्षं नांदतेय, पण हे मला माहीत नव्हतं. १९७२ च्या दुष्काळात सासूबाई नव्या नवरी होत्या. दुष्काळी काम निघालं ते याच रस्त्याचं. पुरुष फोडायचे ते मोठे दगड, बायका फोडायच्या ती खडी. उन्हात बसून, मांडीवर लेकरू घेऊन. खायला सुकडी आणि मिलोची भाकरी. आपल्याकडं अशा कितीतरी रस्त्यांवर, पाझर तलावांवर आणि बांधांवर आपल्या सासवांनी, आयांनी घाम गाळलाय. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही. आणि आम्ही त्या रस्त्याला ‘टाकलेला’ म्हणत होतो.

पुढच्याच वर्षी ग्रामसभेत विषय आला, मुरमाचा रस्ता रुंद करून डांबरी करायचा. ऐकायला चांगलं वाटलं. पण आमच्या गटातल्या एकीनं विचारलं, “रुंद कशाला? वस्तीला तर बारा घरं.” चौकशी केल्यावर कळलं, डंपरना खिंडीतून जवळची वाट पाहिजे होती. म्हणजे एक रस्ता धुळीनं भरला, आता दुसरा भरायचा!

यात एक गोष्ट खरी सांगते. वस्तीवरची माणसं डांबर मागत होती, ती काही चुकीची नव्हती. त्यांचा वाटाणा, त्यांचे अंजीर टेम्पोनं जायला पाहिजेत. रात्री बाळंतीण अडली तर गाडी वर चढली पाहिजे. आम्ही नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तर गावात दोन तट पडले असते. म्हणून आधी वस्तीवर जाऊन बसलो. त्यांची अडचण नेमकी कुठं आहे ते चालत जाऊन बघितलं. अडचण होती दोन खड्या चढांवर, तिथं टेम्पोची चाकं घसरायची. बाकी रस्ता ठीक होता. मग महिला ग्रामसभेत ठराव मांडला : दोन चढांवर काँक्रीट करा, बाकी मुरूम ठेवा, रुंदी आहे तेवढीच ठेवा. शेतमाल आणि आजारी माणूस कधीही जाईल, डंपरचा रस्ता होणार नाही. मुख्य ग्रामसभेत दोन तास वाद झाला. ठराव मंजूर झाला. एका चढाचं काम झालंय, दुसऱ्याचं अजून व्हायचंय. पाठपुरावा चालू आहे.

आता रोजगाराचं. पहिल्यांदा फोन आला, ‘पंचवीस जण येतोय, नाष्टा करा.’ आम्ही सहा जणी पहाटे चारला उठलो. बाजरीच्या भाकरी, पिठलं, ठेचा, ताक. आले नऊ जण! उरलेलं अन्न वाड्यावर वाटलं आणि पदरचे चौदाशे रुपये गेले. घरी नवऱ्यांची बोलणी ऐकली ती वेगळी. पण त्या दिवशी नियम केला : निम्मे पैसे आगाऊ, तेही गटाच्या खात्यावर. आले नाहीत तरी शिधा वाया जात नाही. गेल्या हंगामात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अकरा वेळा गट आले. खर्च वजा जाऊन १८,६०० रुपये उरले. सहा जणींत प्रत्येकी ३,१००. फार नाही, मला माहीत आहे. कर्ज मात्र एक रुपयाचं काढलं नाही. आमचीच चूल, आमचीच भांडी. पर्यटन विभागाचं ‘आई’ धोरण आहे, महिलांच्या पर्यटन व्यवसायाला व्याजात सवलत मिळते. पण माझं म्हणणं, आधी दोन हंगाम बघा, मग कर्जाचा विचार करा.

पैशापेक्षा मोठी कमाई वेगळीच झाली. आमच्या पोरींचं हायस्कूल शेजारच्या गावात. कुणाकुणाच्या घरी सायकल होती, पण ती भिंतीला टेकून गंजायची, कारण डांबरीवर डंपर. मुरमाच्या रस्त्याचा खालचा फाटा ओढ्याच्या कडेनं शाळेपर्यंत जातो, चार किलोमीटर, सपाट. आज त्या फाट्यानं सात पोरी जोडीनं शाळेला जातात. त्यातल्या दोघींची शाळा नववीतच सुटणार होती.

पोरींचं बघून आम्हीही शिकलो. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकले. दोनदा पडले, एकदा नेमकी सरपंचांसमोर. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीत खेड्यातल्या हजारो बायका सायकल शिकल्या, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. तेव्हा वाटलं, त्या वेगळ्या असतील. नाही हो, त्या आपल्यासारख्याच होत्या. शिकायला रिकामा रस्ता पाहिजे, एवढंच. हसणारे चार दिवस हसतात.

तुमच्या गावात असा रस्ता असेल तर माझं सांगणं ऐका.

पहिलं, गटातल्या पाच जणींनी तो एकदा पूर्ण चालून बघा. तलाठ्याकडं गावनकाशात तो आहे का ते बघा. कुणाच्या खासगी रानातून जात असेल तर त्या घरी आधी विचारा. वनहद्द लागत असेल तर वनरक्षकाला विचारा. नंतरचं भांडण परवडत नाही.

दुसरं, पावसाळ्यात सायकलवाल्यांना नको म्हणा. ओल्या मुरमात चाकोरी पडली की पुढच्या पावसाचं पाणी तीच चाकोरी धरून धावतं आणि रस्ता खोदून नेतं. पावसाच्या आधी कडेचा चर साफ करा. रस्त्यावरचं पाणी जागोजागी आडवं काढून बाजूला सोडा. डोंगरातला मुरमाचा रस्ता गाड्यांपेक्षा पाणीच जास्त खराब करतं.

तिसरं, बाभळीचे काटे. बांधावरची बाभूळ तोडली की फांद्या रस्त्यावर पडू देऊ नका. सायकलवाल्यांचं पंक्चर होतं आणि आपल्या पोरींचंही.

चौथं, पाहुण्यांना आपले नियम सांगा. मेंढरं दिसली की थांबायचं. बायका ओढ्यावर असतील तर फोटो काढायचे नाहीत. प्लास्टिक आणलं तर परत न्यायचं. आम्ही हे पत्र्यावर रंगवून खिंडीत लावलंय. बहुतेक जण पाळतात.

शेवटचं सांगते. गेल्या संक्रांतीला सासूबाईंना ट्रॅक्टरमध्ये बसवून खिंडीत नेलं. त्यांनी खाली वाकून मूठभर खडी उचलली, बघितली आणि परत ठेवली. म्हणाल्या, “बारीक फोडलीया. मुकादम लई कडक होता.” मग पोरी सायकलीवरून आल्या, तशा त्या कडेला सरकल्या.

पुढच्या सभेला तुमच्या गावातला एक तरी रस्ता चालून या आणि इथं येऊन सांगा.