कुरणावरची शाळा

(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



आपल्या वर्गाच्या ताई मला म्हणाल्या, "गुरुजी, एक दिवस तुम्ही बोला." मी बोललो. ट्रस्टच्या मंडळींनी ते बोलणे उतरवून घेतले. तेच आता छापून तुमच्या हाती आले आहे. जे कानांनी ऐकले, ते आता डोळ्यांनी वाचायचे. घाई करू नका. ओळीखाली बोट ठेवून वाचा. कोणी हसले तर हसू द्या.

आज मी एका बाईंची हकिकत सांगणार आहे. त्यांचे नाव अनुताई वाघ. त्या राणी नव्हत्या. पुढारी नव्हत्या. शाळामास्तरीण होत्या. ८२ वर्षे जगल्या. त्यांतली साठाच्या वर वर्षे त्यांनी मुलांना शिकवण्यात घातली.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी मोरगावी झाला. मोरगाव पुणे जिल्ह्यात आहे. अष्टविनायकांतले मोरेश्वराचे गाव ते हेच. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. सहा महिन्यांत नवरा वारला. त्या काळी पांढरपेशा घरांत विधवा मुलीचे काय होई, ते जुन्या माणसांनी ऐकलेले असेल. केस काढायचे. लाल आलवण नेसायचे. एक वेळ जेवायचे. स्वैपाकघराच्या कोपऱ्यात सारा जन्म काढायचा. आणि हे कुणाला? तेरा वर्षांच्या पोरीला.

अनुताईंच्या आईवडिलांनी तसे केले नाही. त्यांनी मुलीला शिकवले. ती व्हर्नाक्युलर फायनल पास झाली. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवी. तेवढ्यावर त्या काळी मास्तरकी मिळत असे. मग तिने पुण्याला शिक्षिकेचे ट्रेनिंग घेतले. १९२९ साली नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यात ती मास्तरीण झाली. वय १९.

एकोणीस वर्षांची एकटी बाई, त्यात विधवा, आणि परक्या गावात मास्तरीण! चित्र मनात आणा. मी खेड्यात पस्तीस वर्षे मास्तरकी केली आहे. एकट्या मास्तरणीबद्दल पारावर काय काय बोलणे चालते, ते माझ्या कानांवर आले आहे. आणि खोटे कशाला बोलू, मीही तिथून उठून गेलो नाही.

पुढे अनुताई पुण्याला आल्या. हुजूरपागा नावाची मुलींची मोठी शाळा आहे, तिथे शिकवू लागल्या. पण आपले शिक्षण थोडे आहे, ही सल त्यांच्या मनात होती. मग त्यांनी रात्रीच्या शाळेत नाव घातले. दिवसा मुलींना शिकवायचे. रात्री स्वतः बाकावर बसून शिकायचे. १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. तेव्हा त्यांचे वय २७ होते.

मॅट्रिक म्हटले की मला जरा बरे वाटते. मीही मॅट्रिकच आहे. माझी गाडी त्या ठेसनावर थांबली ती थांबलीच. त्यांची थांबली नाही. ते पुढे सांगतो.

१९४५ साल उजाडले. खेड्यात काम करणाऱ्या बायांसाठी कस्तुरबा ट्रस्टने शिबिर भरवले होते. तिथे अनुताईंची गाठ ताराबाई मोडक यांच्याशी पडली. ताराबाईंना आपण परके समजू नये. लग्नानंतर काही वर्षे त्या आपल्या अमरावतीलाच राहिल्या होत्या. चांगल्या बी. ए. झालेल्या होत्या. त्यांना एक मुलगी होती. नवऱ्यापासून वेगळे होऊन, मुलीला वाढवत वाढवत त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचा अभ्यास केला. इटली देशात माँटेसरी नावाच्या बाईंनी १९०७ साली रोम शहरातल्या गरीब वस्तीत बालशाळा काढली होती. मुलाला मारू नये, त्याच्या हाताला काम द्यावे, मग ते आपोआप शिकते, असे त्यांचे म्हणणे. ताराबाईंना ते पटले. पण त्या शाळेचे सामान महाग. ते आपल्या खेड्यात कोण घेणार? ताराबाई म्हणाल्या, आपण खेड्यातल्याच वस्तू घेऊ. बिया घेऊ, शिंपले घेऊ, पाने घेऊ, माती घेऊ.

अनुताईंना हे काम मनापासून पटले. पस्तिशीतली ही बाई पुणे सोडून ताराबाईंबरोबर बोर्डी गावी गेली. बोर्डी हे डहाणू तालुक्यात समुद्राकाठी आहे. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे.

त्या भागात वारली लोक राहतात. आपल्याकडे कोलाम-गोंड, तसे तिकडे वारली. त्यांची स्थिती त्या वेळी फार वाईट होती. जमीन सावकाराची, जंगल ठेकेदाराचे. वारली माणसाने लग्नासाठी कर्ज काढले, की तो बायकोसकट सावकाराच्या घरी राबायचा. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ सालीच वारली लोक या वेठीच्या विरुद्ध उठले. गोदावरी परुळेकर त्यांच्या पाठीशी होत्या. ती हकिकत मोठी आहे. ती पुन्हा कधी तरी.

तर बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली मुले आली. पाड्यांवरची आली नाहीत. पाडा म्हणजे आपल्याकडचे पोड, तांडा म्हणा ना. आता सांगा, आपण काय केले असते? मुले आली नाहीत, त्याला आम्ही काय करणार, असे लिहून मोकळे झालो असतो. या दोघींनी तसे केले नाही. त्यांनी बालवाडी उचलली आणि पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची. आधी नाक पुसायचे. हातपाय धुवायचे. नखे काढायची, केस विंचरायचे. मग गाणे, मग गोष्ट. अक्षर सगळ्यांत शेवटी.

तरी थोरली मुले येईनात. का? ती तिथे नव्हतीच. ती गुरांमागे कुरणात गेलेली. डहाणूकडे गवताची मोठमोठी कुरणे होती. मग शाळा कुरणात गेली. गुराखी पोरांबरोबर शिक्षकही निघाले. झाडाची सावली हाच वर्ग. मातीत काडीने अक्षर काढायचे. खडे मोजून हिशेब. गुरे चरताहेत, पोराचा एक डोळा गुरावर आणि एक अक्षरावर. या शाळेला त्यांनी नाव दिले कुरणशाळा.

अमेरिकेत आपल्यापेक्षा कितीतरी मोठे गवताचे माळ आहेत. तिथेही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माळावर एका खोलीची शाळा असे. एकच मास्तरीण आठही इयत्ता शिकवी. मुले लांबून चालत किंवा घोड्यावर बसून येत. मास्तरणीचे कष्ट काही कमी नव्हते. पण तिथे मुले शाळेकडे येत. इथे शाळा मुलांच्या मागे गेली.

आता माझे सांगतो. मी नवा मास्तर होतो. पटावर एक मुलगा होता. नाव सांगत नाही, तो आज आजोबा झाला आहे. फार हुशार. वीसपर्यंत पाढे तोंडपाठ. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. मी त्याच्या घरी गेलो. बाप आखरावर ढोरं घेऊन उभा होता. मी त्याला चार शब्द ऐकवले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "मास्तर, पोराले शाळेत धाडलं तं ढोरं कोन चारीन? तुमी चारता काय?"

मला राग आला. मास्तराला ढोरं चारायला सांगतो म्हणजे काय? मी परत आलो. त्या मुलाच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असे लिहिले आणि पटावरून नाव काढून टाकले. नियमाला धरून केले. साहेबांनी तपासणीत त्यावर सही केली. असे ते एकच नाव नव्हते. पस्तीस वर्षांत किती काढली, ते मी मोजलेले नाही.

बऱ्याच वर्षांनी मी अनुताईंची हकिकत वाचली. कुरणशाळेच्या पानावर आलो आणि तो बाप डोळ्यांपुढे उभा राहिला. त्याने मला टोमणा मारला, असे मी धरून चाललो होतो. तो तर प्रश्न विचारत होता. त्या प्रश्नाचे उत्तर बोर्डीच्या दोन बायांनी माझ्या जन्माच्या आधीच देऊन ठेवले होते. मला ते ठाऊक नव्हते. पण 'ठाऊक नव्हते' म्हणून सुटका होते असे मला वाटत नाही. शोधले असते तर सापडले असते.

मुलींची अडचण आणखी वेगळी. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते. आई मजुरीला गेलेली. मुलगी शाळेत आली की कडेवरचे रडते, आणि मास्तर दोघांनाही बाहेर काढतो. १९५६-५७ च्या सुमारास अनुताई आणि ताराबाई आपले काम घेऊन कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे त्यांनी यावर तोड काढली. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा, तिन्ही एकाच जागी. तिला विकासवाडी म्हणत. तान्हे पाळणाघरात, मधले बालवाडीत, थोरली शाळेत. ताई तिथेच आहे, म्हणून धाकटे रडत नाही. धाकटे जवळच आहे, म्हणून ताईचे मन अक्षरात लागते.

किती साधी गोष्ट! पण ती सुचायला मुलीच्या कडेकडे बघावे लागते. आम्ही फक्त पाटीकडे बघत होतो.

माझी थोरली बहीण आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती दुसरीपर्यंत शाळेत गेली. मग मी जन्मलो. माय निंदायला, कापूस वेचायला जायची. मला सांभाळायला अक्का घरी राहिली. राहिली ती राहिलीच. मी शिकलो, मास्तर झालो, हेडमास्तर झालो, आज पेन्शन खातो. अक्का जिथे तिथे अंगठा लावत राहिली. दुसरीत शिकलेली अक्षरेही विरून गेली. आता ती याच वर्गात असते, मागच्या भिंतीला टेकून बसते. मी हे सांगत होतो तेव्हा ती मधेच म्हणाली, "माहं काहून सांगतं रे?" मी म्हटले, सांगू दे. मागच्या महिन्यात श्रावणबाळचे पैसे काढताना तिने बँकेत अंगठा लावला नाही. सही केली. एक काना राहिला होता. तो तिने पुन्हा कागद मागून घेऊन दिला.

अनुताईंची गाडी पुढे गेली असे मी म्हटले होते. १९६१ साली त्या बी. ए. झाल्या. तेव्हा त्यांचे वय ५१ होते. आपल्याकडे पन्नाशी आली की माणूस म्हणते, "आता काय शिकायचं? गोवऱ्या मसणात गेल्या." त्या बाईंनी पन्नाशीनंतर परीक्षा दिली. पोटासाठी नाही, नोकरी होतीच. तुमच्यापैकी कुणाला या वर्गात यायला लाज वाटत असेल, तर मला एवढेच विचारायचे आहे, की ती कुणाची लाज वाटते?

अनुताईंनी पुन्हा लग्न केले नाही. पोटचे मूल नव्हते. आपल्या गावात अशा बाईला कोणकोणते शब्द वापरतात, ते मी इथे लिहीत नाही. पण माय म्हणजे काय हो? नाक पुसते ती, न्हाऊ घालते ती, भूक ओळखते ती. मी शेकडो मुले शिकवली. एकाचेही नाक पुसले नाही. घंटा झाली की हजेरी, हजेरी झाली की पाढे. ते काम आपले नाही, असे मला कोणी शिकवलेही नव्हते. मीच ठरवले होते.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. अनुताई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या. सरकारी नोकरीत असत्या तर घरी बसण्याचे वय. त्यांनी टेकडी सोडली नाही. सगळ्या कामाचा भार त्यांच्यावर आला, तो त्यांनी आणखी एकोणीस वर्षे वाहिला. बालवाडीच्या बायांसाठी पुस्तके लिहिली. 'कोसबाडच्या टेकडीवरून' ही आपली आत्मकथा लिहिली. वाचन सरावले की ती मिळवून वाचा. १९८५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्या वारल्या.

सरकारची अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आज गावोगाव अंगणवाडी दिसते. मुलांच्या दारात, अंगणात शाळा न्यायची, ही वाट या दोघींनी त्याच्या कितीतरी आधी पाडली होती.

आपल्या गावातही अंगणवाडी आहे. बाई चांगल्या आहेत, मुलांना जीव लावतात. पण वेचणी लागली की तुम्ही सकाळी सातला घर सोडता. अंगणवाडी त्यानंतर उघडते, आणि तुम्ही परतायच्या कितीतरी आधी सुटते. तोवर लेकरू कुणाकडे? परवा शाळेच्या वेळी मी हापशीवर एक मुलगी पाहिली. चौथीत असेल. कडेवर भाऊ, हातात बकेट. मी तिला काही विचारले नाही. तिचे घर मला ठाऊक आहे.

वेचणीला अजून तीन आठवडे आहेत. पुढल्या बुधवारी वर्गाला येताना प्रत्येकीने तीन गोष्टी लिहून आणाव्या. मी किती वाजता निघते. किती वाजता परतते. घरी लहान मूल किती वर्षांचे. अक्षर वाकडे आले तरी चालेल, पण स्वतःच्या हाताने लिहा. ते कागद घेऊन आपण सरपंचांकडे आणि अंगणवाडीच्या बाईंकडे जाऊ. बोलायला मी मागे उभा राहीन. कागद अक्का देईल. तिला मी अजून विचारलेले नाही.