कुशल कारागिराचे देशांतर

तेलशुद्धीकरणाचा एखादा मोठा कारखाना दुरून पाहिला, म्हणजे डोळ्यांत भरतात ते त्याचे उंच मनोरे आणि अखंड जळणारी ज्योत. त्या मनोऱ्यांच्या पोटात दाब किती आणि उष्णता किती, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते सांगणारी उपकरणे निराळी असतात, आणि ती खरे सांगतात की नाही हे पाहणारा मनुष्यही निराळा असतो. कारखान्यात त्याला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणतात. दाब, तापमान, पातळी आणि प्रवाह ह्या चार गोष्टींचे मोजमाप बिनचूक राखणे हे त्याचे काम. बडोद्याजवळ कोयली येथे 1965 साली तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांच्या आश्रयाने हा धंदा आपल्याकडे रुजला, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून त्याचे दोन वर्षांचे शिक्षण मिळू लागले.

ही विद्या देशांच्या सीमा मानीत नाही. उपकरणाकडून नियंत्रण-कक्षाकडे जाणारा विजेचा संकेत 4 ते 20 मिलिअँपिअर असावा, हा प्रघात जगभर आढळतो. मोजमाप शून्य असले तरी प्रवाह 4 असतो. तो खरोखरच शून्यावर गेला, तर तार तुटली असे समजावे. बडोद्याच्या कारागिराला जे ठाऊक, तेच कॅनडातील आल्बर्टा प्रांताच्या कारागिराला ठाऊक. म्हणून कित्येकांची अशी समजूत होते की, विद्या एकच असल्यामुळे परदेशी जाऊन स्थायिक होणे सोपे आहे. वस्तुतः तेथे दोन उंबरठे ओलांडावे लागतात: पहिला देशात प्रवेशाचा, दुसरा धंद्यात प्रवेशाचा.

कॅनडाचेच उदाहरण घ्यावे. 1962 पर्यंत त्या देशात येणाऱ्याचा वंश पाहिला जाई. 1967 साली गुणांची पद्धत आली आणि वंशाऐवजी शिक्षण, भाषा, वय व कसब ह्यांचे मोल होऊ लागले. 2015 पासून तेथे कुशल कामगारांची निवड ‘एक्स्प्रेस एंट्री’ ह्या व्यवस्थेतून होऊ लागली. तिच्यातील परदेशस्थ कुशल कामगारांच्या योजनेत 100 पैकी 67 गुणांची अट ठेवलेली आहे.

अडतीस वर्षांच्या एका कारागिराचा हिशेब मांडून पाहावा. वयाच्या 12 गुणांपैकी त्याला 9 मिळतात, कारण पस्तिशीनंतर दरवर्षी एक गुण गळतो. सहा वर्षांहून अधिक अनुभव असल्यास 15 गुण. त्याचे शिक्षण तेथील दोन वर्षांच्या पदविकेइतके ठरले तर 19. बेरीज 43 होते. आयईएल्टीएस ह्या इंग्रजीच्या परीक्षेत चारही अंगांत 6 श्रेणी मिळाली, तर भाषेचे 16 गुण मिळून एकूण 59 होतात, आणि दार बंद राहते. श्रवणात 8 व वाचन, लेखन, संभाषण ह्यांत 7 श्रेणी मिळाली, तर भाषेचे 24 धरून बेरीज नेमकी 67 होते. व्हॉल्व्ह उत्तम दुरुस्त करणाऱ्या हाताचे भवितव्य अशा रीतीने इंग्रजी निबंधावरही अवलंबून राहते. त्यानंतरही 1200 गुणांच्या निराळ्या कसोटीवर इतर उमेदवारांशी स्पर्धा असतेच.

हा उंबरठा ओलांडला, तरी मिळते ती वास्तव्याची परवानगी. धंद्याचे प्रमाणपत्र प्रांतांच्या अखत्यारीत येते. ‘रेड सील’ ह्या नावाची परीक्षा प्रांतोप्रांती मान्य असून तिच्यात उत्तीर्ण होण्यास शेकडा 70 गुण लागतात. बाहेरून आलेल्या अनुभवी कारागिरालाही तिला बसता येते. मात्र आपण कोणते काम, किती काळ केले हे त्याने कागदोपत्री सिद्ध केले पाहिजे.

आपल्याकडील कारागिराची खरी अडचण येथेच होते. कायम नोकरीतील माणसाला निदान दाखला मिळतो. तथापि कंत्राटदारामार्फत एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात शटडाउनच्या कामावर हिंडलेल्या माणसाजवळ कसब असते, कागद नसतो. ‘अमुक इसम आमच्याकडे नोकरीस होता’ एवढ्या एका ओळीने भागत नाही. कोणती उपकरणे हाताळली, कोणते कॅलिब्रेशन केले, आठवड्यास किती तास काम केले, ह्याचा तपशील हवा. तो प्रत्येक काम संपताच मागून घ्यावा. कंत्राटदाराने गाशा गुंडाळल्यावर तो कोण देणार?

शिवाय तेथील हवाही काही नवे शिकविते. आल्बर्टाच्या उत्तर भागात हिवाळ्यात तापमान उणे 40 अंशांपर्यंत उतरू शकते. मुख्य पाइपातून उपकरणापर्यंत दाब पोहोचविणाऱ्या बारीक नळीतील पाणी गोठले, की आतील दाब बदलला तरी आकडा जागच्या जागी अडून राहतो. म्हणून त्या नळ्यांना वाफेची अथवा विजेची ऊब द्यावी लागते. बडोद्यात पंधरा वर्षे काम केलेल्या माणसासही हा धडा नवाच.

अनेक अनुभवी माणसांना चाळिशीत पुन्हा परीक्षेला बसणे, मदतनीस म्हणून प्रारंभ करणे अपमानाचे वाटते. ही व्यथा खोटी नाही, आणि कायम नोकरी सोडण्यापूर्वी तिचा विचार घरच्यांसह झाला पाहिजे. परंतु परक्या कारखान्यातून आलेला गेज हा कारागीर स्वतः तरी तपासल्यावाचून पाइपावर चढवील काय? प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिल्यावरच तो त्यावर विश्वास ठेवतो. तीच कसोटी परका देश त्याला लावतो. तिच्यासाठी लागणारे कागद, भाषा आणि मनाची तयारी मात्र निघण्यापूर्वीच, इथेच करावी लागते.