दिवाणखान्यांतील नाट्यगृह : रिसीव्हरची जोडणी

१९४८ सालीं नागपूरचें आकाशवाणी केंद्र सुरू झालें. त्या काळीं घरीं रेडिओ बसविणें म्हणजे छपरावर एरियलची तार ताणणें आणि अर्थची तार जमिनींत पुरणें, एवढाच व्याप असे. आज वर्ध्याच्या दिवाणखान्यांतहि टेलिव्हिजन, सेट-टॉप बॉक्स आणि पांच-सहा ध्वनिक्षेपक एकत्र नांदूं लागले आहेत. या सर्वांचा कारभारी म्हणजे रिसीव्हर. त्याच्या पाठीमागील भोंकांची दाटी पाहून गृहस्थ गांगरतो, आणि जोडणी कशीबशी उरकली जाते.

मग घरांतील वडील माणसें म्हणूं लागतात, 'बंदुकीचा आवाज येतो, बोलणें मात्र ऐकूं येत नाहीं.' आपलेच कान गेले अशा समजुतीनें तीं हळूहळू तेथून उठून जातात. पुष्कळदां दोष कानांचा नसतो. पडद्याखालीं ठेवावयाचा मधला ध्वनिक्षेपक बहुतेक सारे संवाद वाहत असतो. तो जोडलेलाच नाहीं आणि रिसीव्हरला मात्र 'आहे' म्हणून सांगितलें आहे, अशी स्थिति असली तर संवादांनीं जावें कोठें?

जोडणीपूर्वीं भिंतीवरील बटण बंद करावें. रिमोटनें यंत्र निजतें, वीज तुटत नाहीं. ध्वनिक्षेपकाचें लाल टोक लालास व काळें काळ्यास जोडावें. एके ठिकाणीं उलट झालें, तर एक पडदा पुढें ढकलतो तेव्हां दुसरा मागें ओढतो, आणि खर्जाचे स्वर परस्परांस गिळून टाकतात. तारेचा एकादा सुटा धागा शेजारच्या टोकास टेकला, तर यंत्र स्वतःस वांचविण्यासाठीं बंद पडतें. कधीं वांचतहि नाहीं.

सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय तार रिसीव्हरच्या 'इन' मध्यें घालावी. 'आउट' मधून निघणारी तार टेलिव्हिजनच्या 'एआरसी' अशी अक्षरें असलेल्या भोंकांतच गेली पाहिजे. २००९ सालच्या १.४ या आवृत्तीपासून टेलिव्हिजनचा आवाज त्याच तारेनें उलट रिसीव्हरकडे येऊं शकतो. मात्र ही सोय दोन्ही यंत्रांत चालू करावी लागते, आणि नेमकें हेंच विसरलें जातें.

ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारें ३ सहस्रांश सेकंद लागतो. म्हणून प्रत्येक ध्वनिक्षेपकाचें अंतर फितीनें मोजून रिसीव्हरला द्यावें. कांहीं यंत्रें सोबतच्या मायक्रोफोननें तें स्वतःच मोजतात. त्या वेळीं कूलर बंद ठेवावा. मे महिन्यांत वर्ध्यास ही शिक्षाच खरी, परंतु ती थोड्या मिनिटांची. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या जिल्ह्यांत रिसीव्हर बंद कपाटांत कोंडूं नये. रेडिओवर भरतकामाचा रुमाल घालण्याची जुनी हौस येथें चालणार नाहीं, कारण त्याच्या माथ्यावरील जाळींतूनच उष्णता बाहेर पडते.

अखेर घरांतील आजोबांना त्यांच्या नेहमींच्या खुर्चींत बसवावें, बातम्या लावाव्या, आणि ते 'आतां ऐकूं येतें' म्हणेपर्यंत मधल्या ध्वनिक्षेपकाचा आवाज एकेक डेसिबेलनें वाढवीत जावा.