गाडीतला टी आणि शिवणाचा तास



मेळाव्याच्या ग्रुपवर फतवा निघाला होता, की परदेशातून येणाऱ्यांनी आपापल्या कामाबद्दल बोलायचं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यावर बोलले तर मागच्या बाकावरचे मानकरी १९९६ साली झोपायचे तसेच आत्ताही झोपतील. म्हणून मी आमच्या गाडीबद्दल बोलणार आहे.

मी अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात फीनिक्सला राहते. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता, यावरून गावाची कल्पना करा. आमची गाडी २००२ सालची, फोर-व्हील ड्राइव्ह, जुनी विकत घेतलेली, तीन लाख किलोमीटर पळालेली. मागच्या सीटसाठी तिला वेगळा हीटर आहे. त्यामुळे इंजिनाकडून येणारा गरम कूलंटचा होज पाइप मध्येच फुटून एक फाटा पुढे, एक मागे जातो. हे फाटे जिथे फुटतात तिथे, बोनेटच्या अगदी मागच्या टोकाला, प्लास्टिकचे दोन टी बसवलेले असतात. अंगठ्याएवढे. हीटर लावा की लावू नका, उकळतं कूलंट आणि त्याचा दाब त्यांच्यावर असतोच. वीस वर्षांत ते प्लास्टिक आतून कुजतं. बाहेरून बघाल तर रंग थोडा उतरलेला, बाकी ठणठणीत.

हे मला माहीत होतं. नवे टी मी आणूनही ठेवले होते. आठ महिने ते गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये पडून होते. रोज ऑफिसात ज्युनियर मुलांना 'आज करतो, उद्या करतो' यावरून बोलणारी बाई ती मीच.

२०२४ च्या मे महिन्यात एका शनिवारी आम्ही तिघं वाळवंटातल्या कच्च्या रस्त्याला लागलो. मोबाइलला रेंज नाही, सावली म्हणजे निवडुंगाची. एकाएकी गोडसर वास आला आणि काचेखालून वाफ. नवरा म्हणाला, "काटा तर मध्येच आहे, जाऊया की थोडं पुढे." मी गाडी तिथेच बंद केली. कूलंटच निघून गेलं तर तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि वाफेचं किंवा हवेचं तापमान सांगत बसतो. काटा शांत असतो आणि आत इंजिनाचं हेड वाकत असतं. बोनेट उघडलं, पण रेडिएटरच्या झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही. तो कुकरच आहे. दाबाखाली आतलं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल केलं की एकदम उसळतं.

बाटल्यांमध्ये नऊ लिटर पाणी होतं. मुलगी अकरा वर्षांची. पहिला तास तिला गंमत वाटली. तिसऱ्या तासाला ती काही बोलेनाशी झाली, तेव्हा मला त्या ड्रॉवरची जी आठवण आली ती सांगत नाही. दुपारी उशिरा एक शिकारी जोडपं त्यांच्या ट्रकमधून आलं आणि आम्हाला हमरस्त्यापर्यंत घेऊन गेलं. गाडी मागाहून ओढून आणली. इंजिन वाचलं होतं.

पुढच्या शनिवारी मी स्वतः कामाला लागले. इंजिन रात्रभर थंड केलेलं, कूलंट काढून झाकून ठेवलेलं, कारण ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात. दुसऱ्या, न फुटलेल्या टीला नुसतं बोट लावलं तर खारीचा चुरा व्हावा तसा चुरा. आणि होज मात्र वीस वर्षांचा, पाइपला घट्ट चिकटलेला. पिळून ओढावासा वाटतो. पण तो ज्या नळीवर बसतो ती हीटरची, मऊ धातूची. ती वाकली तर अख्खा डॅशबोर्ड उतरवायचा.

इथे मला आपल्या शिवणाच्या बाई आठवल्या. आठवीत मुलं टेक्निकलला जायची आणि आम्हा मुलींना शिवण. मी त्यावरून फार धुसफुसायचे, बाई, तुम्हाला आठवत असेल. "उसवताना ओढू नका गं, टाका कापा, कापड फाटेल," तुम्ही म्हणायचात. मी ब्लेड घेतलं, होजला लांबीत चीर दिली आणि तो सालीसारखा सोलून काढला. नळीला ओरखडा नाही. मग उरलेल्या तुकड्यांतले प्लास्टिकचे कण चिमट्याने वेचले. ते हीटरमध्ये गेले तर तिथे अडकतात.

टी पितळेचे घालावेत की पुन्हा प्लास्टिकचे, यावर जुन्या गाड्यांवाले भांडतात. मी प्लास्टिकचेच घातले. रबर तसंही दहा वर्षांनी बदलायला हवं, तेव्हा दोन्ही एकदम बदलीन. बाजूला पांढऱ्या पेनाने तारीख लिहिली आहे. क्लिपा मात्र स्प्रिंगच्या, कारण रबर दबत गेलं तरी त्या पकड सोडत नाहीत. शेवटी आतली हवा काढायला गाडीचं नाक चढावर, इंजिन चालू, हीटर पूर्ण गरम. फीनिक्समध्ये, मे महिन्यात. मुलगी खिडकीतून डोकं बाहेर काढून बसली होती.

तो फुटलेला टी मी या बरणीत आणला आहे. आधी बाईंकडे द्या. मग बाकीच्यांनी बघा, हलक्या हाताने, आणि चहाच्या कपापासून लांब.