दवाखान्यातील लहान शस्त्रक्रिया व नंतरची शुश्रूषा

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवानिमित्त आरोग्याविषयी चार शब्द सांगावेत अशी आपली आज्ञा झाली. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग या मोठ्या विषयांवर मोठे डॉक्टर नेहमी बोलतात, व ते योग्यच आहे. परंतु उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत दवाखाना चालविणाऱ्या आम्हां मंडळींकडे जो माणूस येतो, तो पुष्कळदा बोटाला फडके गुंडाळून येतो, नाहीतर गळवाने ठणकणारा पाय ओढीत येतो. तेव्हा आज बोलावे ते याच माणसाविषयी, असे आम्ही ठरविले.

लहान शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. कापलेल्या जागी टाके घालणे, पिकलेले गळू फोडून पू काढणे, मांसात रुतलेले नख काढणे, तळपायाचे कुरूप काढणे, बोटात मोडून राहिलेली सुई किंवा काच काढणे, दागिन्याच्या ओझ्याने फाटलेली कानाची पाळी जोडणे, ही सारी कामे जागेवर बधिर करून दवाखान्यात होतात. रोगी चालत येतो व चालत घरी जातो. त्यामुळे लोकांचा असा समज होतो की काम संपले. आमचे सांगणे नेमके याच्या उलट आहे. शस्त्राचे काम पंधरा मिनिटांचे. जखम भरण्याचे काम पंधरा दिवसांचे. पहिले आम्ही करतो, दुसरे आपल्या घरी व आपल्या कामाच्या जागी होते. बोट वाचते की जाते, हे बहुधा या दुसऱ्या भागात ठरते.

ही गोष्ट नवी नाही. मराठी मुलखातील एक जुनी हकीकत यासाठी सांगण्यासारखी आहे. कावसजी नावाचा एक शेतकरी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकीत असे. 1792 च्या लढाईत तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक बसविले. ही हकीकत 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली आणि युरोपातील शस्त्रवैद्य थक्क झाले. ही शस्त्रक्रिया काही लहान नव्हे. परंतु त्या वर्णनात शुश्रूषेचा जो तपशील आहे तो पाहावा. जोड धरून ठेवण्यासाठी काताचा लेप लावलेल्या पट्ट्या चार दिवस तशाच ठेवावयाच्या, मग तुपात भिजविलेली फडकी लावावयाची, पाचसहा दिवस रोग्याला उताणे निजवावयाचे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड घालावयाचे, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाकडचा जोड कापावयाचा. चाकू चालला तो काही वेळच. हिशेब ठेवला तो पंचवीस दिवसांचा. त्या कारागिराला जे कळत होते ते आपण विसरून चालणार नाही. त्याचे तूप व कात मात्र घरी वापरू नये. आज त्याहून चांगली साधने आहेत.

आता जखम होते तेथून आरंभ करू. लूमच्या खात्यात धोटा उडून लागतो, पट्ट्यात बोट सापडते, भरतकामाच्या यंत्राची सुई नखातून आरपार जाते. अशा वेळी जखमेवर मशीनचे तेल, चुना, तंबाखू, विडीची राख, चहाची पूड, दंतमंजन, जे हाताशी असेल ते भरण्याची चाल आहे. त्याने रक्त थांबल्यासारखे वाटते. पण आम्हांला ती घाण एकेक कण करून काढावी लागते, आणि राहिलेला कण पुढे पू करतो. कोणी बोटाच्या मुळाशी सूत आवळून बांधतात. ते तासभर राहिले तर बोट काळे पडण्याचा धोका असतो. करावयाचे ते इतकेच: नळाच्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली जखम धुवावी, स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे न उघडता दाबून धरावे, हात उंच ठेवावा, बोटातील अंगठी सूज येण्यापूर्वी काढावी, व दवाखाना गाठावा. बोटाचा तुकडाच पडला असेल तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा, ती पिशवी बर्फावर ठेवावी, बर्फ तुकड्याला थेट लागू देऊ नये, आणि आमच्याकडे वेळ न घालवता मोठ्या इस्पितळात जावे. कुत्रे चावल्याची जखम साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. ती आम्ही सहसा लगेच शिवीत नाही. त्याबद्दल रागावू नये.

धनुर्वाताच्या सुईविषयी दोन समज आहेत व दोन्ही चुकीचे आहेत. एक असा की प्रत्येक ओरखड्याला सुई हवीच. दुसरा असा की सुई घेतली म्हणजे जखम धुतली नाही तरी चालते. लसीचे पूर्ण डोस झालेले असतील, तर स्वच्छ लहान जखमेला शेवटच्या डोसापासून दहा वर्षे, आणि खोल अथवा मळलेल्या जखमेला पाच वर्षे, पुन्हा सुईची गरज नसते. म्हणून शेवटच्या सुईची तारीख चिठ्ठीवर लिहून घरी जपून ठेवावी. आणि सुई धनुर्वात टाळते. पू टाळीत नाही.

बधिर करण्याच्या औषधाची पुष्कळांना भीती वाटते. लिग्नोकेन हे औषध 1943 साली स्वीडनमध्ये तयार झाले, आणि इतक्या वर्षांत जगभर ते वापरले गेले आहे. टोचताना क्षणभर झोंबते, मग स्पर्श कळतो पण दुखत नाही. मात्र पूर्वी अशा सुईने त्रास झाला असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, स्त्रीला दिवस गेलेले असतील, तर ते आधीच सांगावे. लपविल्याने नुकसान रोग्याचेच होते.

गळवाबद्दल आपल्या सुश्रुताने आम, पच्यमान व पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत, आणि हा विचार आजही उपयोगी पडतो. कच्चे गळू कापू नये, पिकलेले ठेवू नये. पू बाहेर काढणे हाच त्यावरचा मुख्य उपचार; नुसत्या गोळ्यांवर दिवस काढणे बरे नव्हे. गळू फोडल्यावर ते आम्ही शिवून टाकीत नाही, उघडे ठेवतो, कारण ते तळापासून वर भरून आले पाहिजे. “डॉक्टरांनी भोक तसेच सोडले” अशी तक्रार घरी होते, म्हणून हे मुद्दाम सांगितले. नाकाच्या व वरच्या ओठाच्या आसपासची पुटकुळी तर कोणीही घरी पिळू नये. तेथील विकार डोक्यात चढण्याचे भय असते.

आता मुख्य विषय, शुश्रूषा. पहिले एकदोन दिवस पट्टी कोरडी ठेवावी व हात किंवा पाय उंच ठेवावा. पट्टीखालची बोटे निळी, गार किंवा बधिर झाली तर पट्टी घट्ट झाली आहे. रात्र असली तरी ती सैल करावी. जखमेला हवा लागली म्हणजे ती लवकर भरते, हा समज जुना आहे. 1962 साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर प्रयोग करून दाखविले की झाकून किंचित ओलसर राखलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. म्हणून जखम झाकावी. पण पट्टी घामाने, पाण्याने किंवा तेलाने भिजली की बदलून घ्यावी. दुखणे रोज थोडे कमी व्हावयास हवे. दुसऱ्यातिसऱ्या दिवसानंतर ते वाढू लागले, लाली पसरली, ताप आला, तांबडी रेघ हातावर चढू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

टाके काढण्याचे दिवसही ठरलेले आहेत. चेहऱ्याचे पाचव्या दिवसाच्या सुमारास, डोक्याचे सातव्या ते दहाव्या, हाताचे सातव्या ते दहाव्या, पायाचे दहाव्या ते चौदाव्या, आणि सांध्यावरचे चौदाव्या दिवसापर्यंत. याला जागेजागेच्या रक्तपुरवठ्याचा व ताणाचा आधार आहे. डॉक्टरांची लहर नव्हे. तरीही आखाजी जवळ आली, नाहीतर लग्नसराई सुरू झाली, की आमच्याकडे माणूस येऊन म्हणतो, “डॉक्टरसाहेब, उद्या गावले जानं शे, टाके आजच काढी द्या.” अशा वेळी टाके काढणे म्हणजे जखम पुन्हा उघडण्याला निमंत्रण देणे होय. आम्ही चिठ्ठीवर तारीख लिहून देतो. नंदुरबार, अमळनेर, जळगाव येथील कोणताही डॉक्टर ती पाहून टाके काढील. मात्र टाके अंगात ठेवून विसरू नये. आणि टाके निघाले म्हणजे कातडी पूर्ववत झाली असे नव्हे. त्या दिवशी तिच्यात मूळच्या सुमारे एकदशांशच बळ असते. तीन महिन्यांनी ते चारपंचमांशाच्या जवळ येते. तोवर जड ओझे व झटका सांभाळावा.

मधुमेह्याची जखम सावकाश भरते, व तंबाखू आणि विडीनेही रक्तपुरवठा घटतो. जखम भरेपर्यंत तरी विडी बंद ठेवावी. हे सांगणे सोपे व ऐकणे कठीण, याची आम्हांला जाणीव आहे.

सुरतेत राहणाऱ्याला दोन ऋतू विशेष सांभाळावे लागतात. उत्तरायणाला मांजाने बोटे व गळे कापतात. नायलॉनच्या मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, ती पाळणे मुलांच्या नव्हे, आईबापांच्या हाती आहे. दुसरा ऋतू पावसाचा. 2006 च्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने शहर बुडाले, ते आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले. साचलेल्या पाण्यातून उंदरांच्या मुताद्वारे लेप्टोस्पायरोसिसचा जंतू फुटलेल्या कातडीवाटे अंगात शिरतो. पायाला जखम असलेल्याने अशा पाण्यात जाऊ नये. जावेच लागले तर बूट घालावेत, आणि नंतर ताप आला तर जखमेची गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी.

लहान दवाखान्याची मर्यादाही आपण ओळखावी. बोट वाकत नसेल तर स्नायूची दोरी तुटली असण्याचा संभव आहे. बोटाचे टोक बधिर असेल तर मज्जातंतू तुटला असेल. तळहातात, स्तनात, गुदद्वाराजवळ खोल गळू झाले असेल, तर आम्ही नवी सिव्हिल किंवा ‘स्मीमेर’ इस्पितळाची चिठ्ठी देतो. चिठ्ठी देणे म्हणजे हात झटकणे नव्हे. ती घेऊन त्याच दिवशी जावे.

शेवटी एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. हे सारे कामगाराला कळत नाही असे नाही. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी. एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. तो पट्टी बदलायला येत नाही तो आळसाने नव्हे. खाते सुटते तेव्हा दवाखाना बंद झालेला असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असेल तर कामावरील इजेच्या काळात वेतनाचा मोठा भाग मिळतो; पण लहान खात्यांतील अनेकांचे नावच तेथे नसते. म्हणून नुसता उपदेश करून आमचे कर्तव्य संपत नाही.

यासाठी आमची विश्वस्तांना नम्र विनंती आहे. या महोत्सवी वर्षात संस्थेने वाजतगाजत काही बांधावे असे नाही. एक स्वच्छ खोली, हात धुण्याचा नळ, निर्जंतुक पट्ट्या, एक शिकलेली परिचारिका, वापरलेल्या पट्ट्या व सुया नियमाप्रमाणे वेगळ्या गोळा करण्याची सोय, आणि पाळी सुटण्याच्या वेळी दोन तास उघडे दार, इतके पुरे आहे. आम्ही डॉक्टर मंडळी पाळीपाळीने तेथे येऊ. आणि खात्यांचे जे मालक आज येथे बसले आहेत त्यांना एवढेच सांगणे, की टाके घातलेल्या माणसाला दहा दिवस हलक्या कामावर ठेवण्याचा खर्च फार थोडा आहे. त्याचे बोट गेले तर तो खर्च त्याचे घर जन्मभर सोसते.

1994 च्या प्लेगनंतर या शहराने झाडू हाती घेतला आणि स्वच्छतेत देशाला धडा घालून दिला. रस्त्यांचे जे झाले ते जखमांचेही होऊ शकेल, असा आम्हांला विश्वास वाटतो.