महाविद्यालयीन विद्यार्थी आणि लोकसेवा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आपल्या तरुण मंडळीविषयीं चार शब्द बोलावे, अशी चालकांची इच्छा आहे. धर्मग्रामाचा भार अंगावर येण्यापूर्वीं आम्हीं कांहीं वर्षें एका महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या सेवापथकाची देखरेख केली. त्या अनुभवांतून जें हातीं लागलें तेवढेंच येथें सांगतों.

या कार्याचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध पुष्कळांस ठाऊक नसतो. आजरें तालुक्यांतील बहिरेवाडी येथें १९०७ सालीं जे. पी. नाईक यांचा जन्म झाला. कायदेभंगाच्या चळवळींत कारावास भोगल्यावर त्यांनीं धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यांत राहून ग्रामसुधारणेचें काम केलें. पुढें गारगोटीच्या मौनी विद्यापीठाची उभारणी त्यांच्याच पुढाकारानें झाली. १९६४ ते १९६६ या काळांतील कोठारी शिक्षण आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्यांच्या हातून कांहीं तरी समाजसेवा घडावी, ही शिफारस त्या आयोगानें केली. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली.

तिचा नियम सुटसुटीत आहे. दोन वर्षांत २४० तास सेवा आणि एखाद्या गांवीं सात दिवसांचें शिबिर. परंतु तासांची वही हातीं आली कीं सेवेचे तास कमी आणि वहीचे तास अधिक होऊं लागतात. शिबिराच्या फलकावर पाहुण्यांचीं नांवें ठळक असतात आणि ज्या गांवांत शिबिर भरतें त्याचें नांव शोधून काढावें लागतें. हा दोष इतरांचा म्हणून आम्ही सांगत नाहीं. असे फलक आम्हींही रंगवून घेतले आहेत.

१९१८ सालच्या साथीच्या गोष्टी वाडवडिलांनीं सांगाव्या तशी २०१९ सालच्या पुराची गोष्ट आतां आपण मुलांना सांगतों. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. त्या ऑगस्टांत पंचगंगा ५५ फुटांच्याही वर गेली. चिखली आणि आंबेवाडी पाण्यानें वेढलीं, पुणें-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. पाणी ओसरल्यावर आम्ही सुमारें तीस विद्यार्थी घेऊन शिरोळ तालुक्यांतील एका गांवीं गेलों. बरोबर जुन्या कपड्यांचीं गाठोडीं होतीं. पहिल्याच घरीं एक म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. ती म्हणाली, "बाबा, लुगडी नकोत आमास्नी. सोप्यातला गाळ तेवढा काढा." गाठोडीं तशींच परत गाडींत गेलीं. काय हवें हें निघण्यापूर्वीं कोणास विचारावें, हें आम्हांस सुचलें नव्हतें.

गाळ काढण्यास प्रारंभ झाला तेव्हां आम्ही कोरड्या जागीं उभे राहून हजेरी घेत होतों. एका विद्यार्थ्यानें कांहीं न बोलतां भरलेलें घमेलें आमच्या हातांत दिलें आणि तो दुसरें भरण्यास वळला. तो मुलगा ख्रिस्ती नव्हता. दरवर्षीं पवित्र गुरुवारीं आम्ही बारा जणांचे पाय धुतों. खरें सांगावयाचें तर ते पाय घरूनच स्वच्छ धुऊन आलेले असतात. त्या दिवशीं संध्याकाळपर्यंत आमचेच पाय गुडघ्यापर्यंत चिखलांत होते, आणि विद्यार्थ्यांनीं प्रथमच आमच्यापाशीं मोकळेपणानें गप्पा केल्या. जो शिक्षक रांगेंत उभा राहून घमेलें पुढें देत नाहीं, त्याची आज्ञा मुलें पाळतात, पण त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा येत नाहींत.

आणि दुसऱ्यांदा जाणें हेंच या कामांतील अवघड अंग आहे. दिवाळीनंतर आम्ही त्याच गांवीं गेलों, तेव्हां बरोबर पांचच विद्यार्थी होते. गाळ निघाला होता, घरें पुसलेलीं होतीं. परंतु त्या म्हातारीचें रेशनकार्ड आणि घराचे कागद भिजून लगदा झाले होते, आणि मदतीसाठीं कचेरींत कागदच मागत. या पांच जणांनीं दोन दिवस अर्ज लिहिले, तिला घेऊन कचेरीच्या ओट्यावर बसून राहिले. त्यांत छायाचित्र काढण्यासारखें कांहींच नव्हतें. प्रभूंच्या दृष्टांतांतील शोमरोनी मनुष्य जखमीस धर्मशाळेंत ठेवून निघतांना, परत येईन आणि उरलेला खर्च देईन, असें सांगून गेला. आपण त्याची जखम बांधण्याची गोष्ट सांगतों आणि परत येण्याचें वचन वगळून जातों.

आतां थोडें आईबापांना. मुलाची परीक्षा बुडेल, मुलीनें चिखलांत कशास जावें, असें आम्हांस पुष्कळदां ऐकावें लागतें. परीक्षेची काळजी रास्त आहे. तिच्या वेळा सांभाळूनच आम्ही जातों. दुसरी शंका कांहीं वडीलधारे हळू आवाजांत विचारतात : आपण मूठभर, धर्म वाढवावयास आले, असें लोक म्हणणार नाहींत काय? म्हणतील. २०१९ सालींही एकानें म्हटलें. आमच्या मुलांनीं त्यावर वाद घातला नाहीं. तीं गांवच्या तालीम मंडळाच्या कार्यकर्त्यांच्या हाताखालीं, ते सांगतील तें काम करीत राहिलीं. आपण पुढारी म्हणून न जातां हाताखालचे म्हणून गेलों, तर या शंकेचा निम्मा जोर ओसरतो. उरलेला निम्मा आपण सोसावा.

२०२१ च्या जुलैंत पुन्हां महापूर आला, आणि पुढेंही येईल. म्हणून यंदा पावसाळ्यापूर्वींच नदीकाठच्या वस्तींत एकटे राहणारे वृद्ध आणि अंथरुणास खिळलेले रुग्ण यांची यादी करावी, त्यांचे कागद प्लास्टिकच्या पिशवींत बांधून द्यावे, असें योजिलें आहे. रविवारीं मिस्सानंतर दाराशीं एक वही ठेवलेली असेल. तींत तासांचा रकाना नाहीं. नांव, पत्ता आणि पोहतां येतें कीं नाहीं, एवढेंच लिहावें.